आधी माणसे, मग चुना : श्री शिवाजी रायगड स्मारक मंडळाची वाटचाल

रत्नागिरीतून निघणाऱ्या स्मरणिकेत रायगडावरच्या संस्थेचा इतिहास कशासाठी, असे कुणी विचारले तर त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर आपल्या टिळक आळीत उभे आहे. २३ जुलै १८५६ रोजी ज्या घरात बाळ गंगाधर टिळकांचा जन्म झाला ते घर आज स्मारक म्हणून जपले जाते. रायगडाच्या स्मारकासाठी सबंध महाराष्ट्राकडे वर्गणी मागणारा हा माणूस आपल्या गावचा. त्याचे मूळ घराणे दापोली तालुक्यातल्या चिखलगावचे. दुसरे उत्तर आपल्या किनाऱ्यावर सापडते. बाणकोट, सुवर्णदुर्ग, गोपाळगड, जयगड, रत्नदुर्ग, पूर्णगड, नाट्याचा यशवंतगड. खाडी म्हटली की तिच्या मुखाशी एक तट आहेच. किल्ल्यांच्या बाबतीत आपला जिल्हा श्रीमंत आहे. त्या तटांशी दरसाल जायचे ठरलेले निमित्त मात्र एक-दोन ठिकाणीच आहे. रायगडाच्या मंडळाने सव्वाशे वर्षांत काय केले, तर असे एक निमित्त निर्माण केले आणि टिकवले. म्हणून हा इतिहास आपल्या कामाचा.

गडाचा पगार बंद झाला

१० मे १८१८ रोजी रायगड इंग्रजांच्या हाती पडला. लेफ्टनंट कर्नल प्रॉथरच्या फौजेने समोरच्या पोटल्याच्या डोंगरावर तोफा चढवल्या होत्या. गोळ्यांनी गडावर आग लागली आणि मराठ्यांच्या राजधानीतले लाकूडकाम जळून गेले. दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई त्या वेळी गडावर होती; तिला खाली उतरावे लागले. त्याच वर्षी दक्षिण कोकणातले किल्लेही एकामागून एक कंपनी सरकारकडे गेले.

लढाईत पडलेल्या भिंती पुन्हा बांधता येतात. गडांचे खरे नुकसान लढाईनंतर झाले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांचे प्रकरण वाचले म्हणजे किल्ला हा किती खर्चाचा, किती देखरेखीचा व्यवहार होता ते कळते. तटात उगवलेली झाडे वरचेवर तोडायची, तटाचे आणि तटाखालचे गवत जाळायचे, पावसाळ्यापूर्वी गळकी घरे शाकारायची, पाण्याची टाकी राखायची, असा तपशील त्यात आहे. हे सगळे करायला हवालदार, सबनीस, कारखानीस आणि त्यांच्या हाताखालची माणसे होती, आणि त्यांना वेतन होते. १८१८ नंतर ते वेतन थांबले. उंबर आणि पिंपळ यांना मात्र कोणी थांबवले नाही. दगडांच्या सांध्यांत पडलेल्या एका बीचे पन्नास वर्षांत झाड होते आणि त्याच्या मुळ्या जे करतात ते तोफेच्या गोळ्यालाही जमत नाही.

राजधानीचा गड असा बेवारस होत असताना शिवरायांचे नाव मात्र लोकांच्या ओठांतून गेले नव्हते. पोवाडे होते, बखरी होत्या, शाहीर होते. पण नाव आणि जागा यांची फारकत झाली होती. महाराजांची कथा ऐकणाऱ्या हजारोंपैकी फार थोड्यांनी त्यांची समाधी पाहिली होती.

वर्षाला पाच रुपये

ही फारकत मिटवण्याचे श्रेय एकट्याला देता येणार नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६९ साली शिवरायांवरचा पोवाडा छापून प्रसिद्ध केला. ते स्वतः रायगडावर गेले, त्यांनी समाधीची जागा साफ करून फुले वाहिली, असे सत्यशोधक परंपरेत आवर्जून सांगितले जाते. १८८३ साली जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाचे मुंबईविषयीचे पुस्तक आले. त्यात त्याने रायगडावरच्या समाधीभोवती माजलेल्या रानाचे वर्णन केले आणि एवढ्या मोठ्या राजाच्या समाधीची त्याच्याच माणसांना फिकीर नाही, असा टोला हाणला. परक्याच्या लेखणीतून आलेला हा टोला पुण्यामुंबईच्या शिकलेल्या मंडळींना झोंबला. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने सभा झाली. गोविंद बाबाजी जोशी वसईकर यांनी गड स्वतः पाहून त्याच्या अवस्थेविषयी लिहिले. सरकारकडे अर्ज गेले. सरकारने समाधीच्या देखभालीसाठी मंजूर केलेली रक्कम होती वर्षाला पाच रुपये.

या पाच रुपयांवर पुढे पुष्कळ लिहिले गेले, आणि बरेचसे रागाने. राग रास्तच होता. पण सरकारी देखभाल आणि लोकांची देखभाल यांतला फरकही त्या आकड्यात दिसतो. सरकारने पाचांऐवजी पाचशे दिले असते तरी समाधीभोवतीचे गवत निघाले असते, एवढेच. गडावर माणूस आला नसता.

हिराबागेतली सभा

१८९५ च्या वसंतात टिळकांनी हा प्रश्न केसरीत हाती घेतला. करकेरिया या पारशी अभ्यासकाच्या शिवकालावरील निबंधामुळे हा विषय त्या सुमारास पुन्हा चर्चेत आला होता. टिळकांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी गाऱ्हाण्याचे रूपांतर कामात केले. ३० मे १८९५ रोजी पुण्याच्या हिराबागेत जाहीर सभा भरली आणि शिवस्मारकासाठी फंड जमवण्याची कमिटी नेमली गेली. पुढे श्री शिवाजी रायगड स्मारक मंडळ या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेचा हा आरंभ. मंडळ आजही आपले वय याच वर्षापासून मोजते.

टिळकांनी वर्गणी मागितली ती सगळ्यांकडून. संस्थानिक आणि सरदार होतेच. पण आण्या-दोन आण्यांची वर्गणी देणाऱ्या शाळेतल्या पोरांची आणि कारकुनांची नावेही तितकीच मोलाची मानली गेली. वर्गणीदारांच्या याद्या केसरीत झळकू लागल्या. एकाच धनिकाकडून सगळी रक्कम मिळाली असती तर स्मारक कदाचित लवकर उभे राहिले असते, पण ते त्याचे झाले असते. ज्याने एक आणा दिला त्याला रायगडावर काय चालले आहे, हे विचारायचा हक्क आला. सार्वजनिक कामातली वर्गणी ही रकमेपेक्षा या हक्कासाठी गोळा करायची असते, हे टिळकांना गणेशोत्सवाच्या अनुभवातून पक्के कळले होते.

या वर्गणीच्या पुढच्या प्रवासात सगळेच सुरळीत झाले असे नाही. जमलेला निधी ज्या डेक्कन बँकेत ठेवला होता ती बँक बुडाली आणि काम मागे पडले, असे सांगितले जाते. एवढे मात्र नक्की की टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले तेव्हा समाधीवर छत्री नव्हती. ज्यासाठी फंड सुरू झाला ते बांधकाम संस्थापकाच्या हयातीत झाले नाही. तरीही संस्था मोडली नाही, कारण बांधकामाच्या आधीच तिच्या हाती उत्सव आला होता.

गडावर पहिला उत्सव

१५ एप्रिल १८९६ रोजी रायगडावर शिवरायांचा पहिला सार्वजनिक उत्सव झाला. त्या काळी वैशाख शुद्ध द्वितीया ही जन्मतिथी मानली जाई. उत्सव त्याच बेताने आखलेला होता.

त्या वेळी रायगडावर जाणे म्हणजे काय होते, याची कल्पना आज दोरवाटेच्या पाळण्यात बसून काही मिनिटांत वर पोहोचणाऱ्याला येणे कठीण आहे. पुण्याकडच्या माणसाला वरंध घाट उतरून महाडला यायचे. मुंबई-रत्नागिरीकडच्या माणसाला सोयीचा मार्ग पाण्याचा : आपल्या जिल्ह्यातल्या बाणकोटापाशी सावित्रीच्या खाडीत शिरायचे आणि भरतीच्या पाण्यावर महाडच्या बंदराला लागायचे. तिथून पाचाडपर्यंत बैलगाडी नाही तर पाय. पाचाडला जिजाऊंच्या समाधीशी डोके टेकायचे आणि मग वैशाखाच्या उन्हात चौदाशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या. वर गंगासागर तलावाचे पाणी होते; बाकी शिधा, भांडी, सरपण सगळे खालून न्यायचे. खाली महाड आणि पाचाड परिसरातल्या लोकांचे हात लागल्याशिवाय असा उत्सव होणे शक्यच नव्हते. या संस्थेचा इतिहास लिहिताना पुण्याचे पुढारी हमखास येतात. डोक्यावर शिधा घेऊन पायऱ्या चढलेल्या मावळ्यांची नावे कुठल्याच अहवालात सापडत नाहीत.

या पहिल्या उत्सवाने मंडळाचा पायंडा पाडला. समाधी, जगदीश्वराचे मंदिर, राजसभेची जागा, नगारखाना ही ठिकाणे नकाशावरून लोकांच्या पायाखाली आली. हिरोजी इंदुलकरांच्या नावाची पायरी जगदीश्वराच्या दाराशी आहे, हे ऐकणे वेगळे आणि ती पायरी ओलांडणे वेगळे. गडाचा बांधकामप्रमुख आपले नाव पायरीवर का कोरवून घेतो, हे तिथे उभे राहिले की सांगावे लागत नाही.

उत्सवावर राजद्रोहाची सावली

दुसऱ्याच वर्षी या उत्सवाची किंमत मोजावी लागली. जून १८९७ मध्ये पुण्यात राज्याभिषेकाचा उत्सव टिळकांच्या अध्यक्षतेखाली झाला. प्लेगचे दिवस होते. उत्सवातल्या व्याख्यानांचा वृत्तांत आणि शिवरायांच्या तोंडी घातलेली एक कविता १५ जूनच्या केसरीत छापून आली. २२ जूनच्या रात्री प्लेगच्या बंदोबस्तावरचा इंग्रज अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. जुलैअखेरीस टिळकांना अटक झाली. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यासमोर खटला चालला. ज्यूरीतल्या सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तीन हिंदी सदस्यांनी निर्दोष म्हटले, आणि १४ सप्टेंबर रोजी अठरा महिन्यांची सक्तमजुरी सुनावली गेली. एका उत्सवाचा वृत्तांत हा राजद्रोहाचा पुरावा ठरला.

त्यानंतर शिवोत्सवाला जाणे हे केवळ पुण्यकर्म राहिले नाही. सरकारी नोकरीतला माणूस दोनदा विचार करू लागला. पोलिसांचे टिपणकार सभेत बसू लागले. तरी उत्सव थांबला नाही. सुटून आल्यावर टिळकांनी १९०० साली रायगडावरच्या उत्सवाला स्वतः हजेरी लावली. तुरुंगातून आलेला माणूस गड चढून वर येतो, यात लोकांना जे कळायचे ते कळले.

रायगडावर पेटलेला हा दिवा दूरवर गेला. सखाराम गणेश देऊस्कर या मराठी कुळातल्या बंगाली लेखकाने कलकत्त्यात शिवोत्सव सुरू केला. १९०४ साली रवींद्रनाथांनी त्यावर कविता लिहिली. १९०६ च्या जूनमध्ये टिळक, दादासाहेब खापर्डे आणि डॉ. मुंजे कलकत्त्याच्या उत्सवाला गेले. ज्या प्रांतात मराठ्यांच्या स्वाऱ्यांची भीती अंगाईगीतांतून उरली होती, तिथे शिवाजी महाराजांचा जयघोष झाला. फाळणीविरोधी चळवळीच्या त्या दिवसांत बंगालला त्या नावाची गरज होती. उत्सव ज्या ठिकाणी जातो तिथल्या गरजेचा रंग घेतो, हे त्याचे बळ आणि धोकाही. पुढच्या शंभर वर्षांत शिवरायांच्या नावावर जितके पक्ष उभे राहिले तितकी उत्सवाची रूपे झाली.

छत्री, आणि तिच्याविषयीचे गैरसमज

समाधीचा जीर्णोद्धार अखेर १९२६ च्या सुमारास झाला. मंडळाचा निधी आणि सरकारचा वाटा मिळून हे काम पुरे झाले. आज आपण जी छत्री पाहतो ती या काळातली.

इथे एक खुलासा संस्थेच्या इतिहासात असायलाच हवा. समाधी टिळकांनी शोधली किंवा टिळकांनी बांधली, अशी विधाने भाषणांत ऐकू येतात आणि त्यावरून दर काही वर्षांनी वाद पेटतो. समाधीचा अष्टकोनी चौथरा जुना आहे. डग्लसने तो टिळकांच्या कितीतरी आधी पाहिला. फुल्यांचे काम त्याहून आधीचे. टिळकांनी आणि मंडळाने केले ते असे : त्या चौथऱ्याकडे लोकांना नेले, निधी उभा केला आणि जीर्णोद्धार घडवला. हे श्रेय कमी नाही आणि त्यासाठी इतरांचे श्रेय खोडायची गरजही नाही. स्मरणिकेतला इतिहास हा सत्कारसमारंभातल्या भाषणासारखा लिहिला, तर पुढच्या पिढीला त्यातून भांडणच मिळते.

असाच दुसरा वाद समाधीजवळच्या वाघ्या कुत्र्याच्या पुतळ्याचा. होळकर संस्थानाच्या देणगीतून १९३६ साली तो बसवला गेला. धन्याच्या चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याची कथा राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकाने घरोघर नेली. समकालीन कागदांत तिचा आधार नाही. २०१२ साली हा पुतळा काही कार्यकर्त्यांनी उखडला, तो पुन्हा बसवला गेला, आणि २०२५ मध्ये तो हटवण्याची मागणी नव्याने झाली. गडावर दगड बसवणे सोपे असते. तो कोणत्या पुराव्यावर बसवला हे कागदावर नसेल, तर नव्वद वर्षांनीही त्याचा जाब द्यावा लागतो.

तिथी ठरली

जन्मतिथीचा घोळ मंडळाच्या आरंभापासूनच होता. १९१६ साली टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. कारीच्या जेधे देशमुखांकडून मिळालेल्या त्या कागदात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी होती, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. स्वतः ज्या तिथीला उत्सव केला तिच्याविरुद्ध जाणारा पुरावा टिळकांनीच छापला, ही गोष्ट मंडळाच्या वारशात अभिमानाने नोंदवावी अशी आहे. तरीही जुनी तिथी मानणारे राहिले. १९२७ साली जन्माची त्रिशताब्दी साजरी झाली ती जुन्याच हिशेबाने. जन्माविषयीचा वाद पुढे सरकारी तारखेपर्यंत आणि तिथी-तारखेच्या भांडणापर्यंत जाऊन पोहोचला.

पुण्यतिथीविषयी मात्र असा वाद नाही : चैत्र शुद्ध पौर्णिमा, शके १६०२, ३ एप्रिल १६८०. मंडळाचा वार्षिक उत्सव पुढे याच तिथीशी जोडला गेला आणि आजही हनुमान जयंतीच्या दिवशी रायगडावर होतो. जगदीश्वराची पूजा, हनुमान जन्म, कीर्तन, समाधीला अभिवादन आणि राजदरबारातली सभा असा त्याचा क्रम लोकांच्या सवयीचा झाला आहे. शिवकालीन घराण्यांच्या आजच्या वंशजांचा आणि सैन्यातल्या अधिकाऱ्यांचा सन्मान हाही त्याचाच भाग. २०२५ च्या १२ एप्रिलला, पुण्यतिथीच्या तीनशे पंचेचाळिसाव्या वर्षी, केंद्रीय गृहमंत्री अमित शहा मंडळाच्या या कार्यक्रमाला गडावर आले होते. ६ जूनचा राज्याभिषेक सोहळा वेगळ्या समितीचा; त्याला जमणारी गर्दी तर आता गडाला न पेलणारी झाली आहे.

दरम्यान गडाभोवतीचे जग बदलत गेले. १९७४ मध्ये राज्याभिषेकाची आणि १९८० मध्ये पुण्यतिथीची त्रिशताब्दी झाली. त्यापाठोपाठ १९८१ च्या आरंभी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, आणि त्याच वर्षी १ मे रोजी आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला. एकाच वर्षात कोकणातल्या दोन जिल्ह्यांना दोन किल्ल्यांची नावे मिळाली. शंभर वर्षांपूर्वी वर्षाला पाच रुपये ज्याच्या वाट्याला येत होते, त्या गडाचे नाव आता जिल्ह्याच्या सरकारी कागदांच्या माथ्यावर आले. १९९६ मध्ये दोरवाट सुरू झाली. २०१७ मध्ये रायगड विकास प्राधिकरण स्थापन झाले. आणि ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले एकत्र नोंदले गेले. त्यांत कोकणचे पाच : खांदेरी, रायगड, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग.

सुवर्णदुर्ग, लंडनमधला

या पाचांतला सुवर्णदुर्ग आपल्या जिल्ह्यातला, हर्णैच्या समोरचा. त्याच्या नावाची एक गोष्ट मंडळाच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे.

एप्रिल १७५५ मध्ये पेशव्यांशी संधान बांधून इंग्रजांच्या कमोडोर विल्यम जेम्सने तुळाजी आंग्रेकडून सुवर्णदुर्ग घेतला. जेम्स श्रीमंत होऊन मायदेशी परतला, मरण पावला, आणि त्याच्या विधवेने १७८४ साली लंडनजवळच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ एक तिकोनी मनोरा बांधला. त्याचे नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. म्हणजे आपला सुवर्णदुर्गच, गोऱ्या जिभेवरचा. पुढे हा मनोरा बंद पडला, मोडकळीस आला. स्थानिक नगरपरिषद तो खाजगी कंपनीला भाड्याने द्यायला निघाली तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी हरकत घेतली, विश्वस्त संस्था काढली, निधी उभा केला आणि २०१४ मध्ये मनोरा लोकांसाठी पुन्हा उघडला. आज स्वयंसेवक तो उघडतात, माणसे जिना चढून वर जातात, चहा पितात, घरी परततात.

आपल्या किनाऱ्यावरच्या पराभवाचे स्मारक परक्या गावच्या रहिवाशांनी जपले, आणि ज्या किल्ल्याचे नाव त्याला आहे तो आपल्यासमोर समुद्रात उभा आहे. भरती-ओहोटी पाहून होडीने जायचे, उतरायला धक्का धड नाही, आत पिण्याच्या पाण्याची सोय नाही. जागतिक वारशाच्या फलकाने हे आपोआप बदलणार नाही. शूटर्स हिलवाल्यांकडे आणि रायगडाच्या मंडळाकडे समान असलेली गोष्ट एकच : ठरलेल्या दिवशी तिथे जाणारी माणसे.

रत्नागिरीच्या तटांसाठी

आपल्याकडेही याचा दाखला आहे, तोही शहराच्या उशाशी. रत्नदुर्गावर भगवतीचे देऊळ आहे आणि नवरात्रात नऊ दिवस सारी रत्नागिरी तिथे चढते. या रहदारीमुळे बालेकिल्ल्याची वाट वापरात राहिली, दारे-बुरूज लोकांच्या नजरेखाली राहिले. ज्या किल्ल्यावर असे कुळाचार नाहीत तिथे रान लवकर शिरते. अंजनवेलचा गोपाळगड दीर्घकाळ खाजगी मालकीत होता. आत आंब्याची बाग होती. जयगडाला शास्त्री नदीच्या मुखावरून पर्यटक येतात, पण येऊन जातात. मुचकुंदीच्या मुखावरचा पूर्णगड तर इतका छोटा की तासाभरात पाहून होतो. या ठिकाणी लोक येतात ते आपापल्या सवडीने. सवडीने येणारा माणूस तटाचा ढासळलेला भाग पाहून हळहळतो. दरवर्षी येणारा माणूस गेल्या वर्षी तो भाग ढासळला नव्हता हे ओळखतो. देखभालीची सुरुवात या ओळखीपासून होते.

अलीकडे दुर्गसंवर्धनाच्या कामाला तरुणांची मोठी फळी लाभली आहे. सह्याद्री प्रतिष्ठान, दुर्गवीर प्रतिष्ठान अशा संस्थांनी अनेक गडांवर श्रमदान केले, काही गडांना लाकडी दरवाजे बसवले. उत्साह दांडगा आहे; त्याला थोडी शिस्त लागते. पहिली शिस्त परवानगीची. केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखाली संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि पुढच्या दोनशे मीटरवर नियंत्रण. राज्य संरक्षित किल्ल्यांवरही पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय दगड हलवायचा नसतो. दुसरी शिस्त झाडांची. तटात वाढलेला उंबर जोर लावून उपटला की त्याच्या मुळ्यांबरोबर दगडही येतात; तो टप्प्याटप्प्याने छाटून मारावा लागतो. तिसरी शिस्त चुन्याची. आपल्या किनाऱ्यावरच्या पुष्कळ तटांत जांभा आहे. जांभा पाणी पितो आणि सोडतो. चुन्याचा सांधा त्याला हे करू देतो. सिमेंटचा सांधा पाणी आणि समुद्राचे मीठ आत कोंडतो, आणि काही पावसाळ्यांत दगडाची कड भुगा होऊन गळते. जुन्या कारागिरांनी चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळ घालून जे साधले ते गोणीतल्या सिमेंटने बिघडते. रायगडाच्या पाषाणात ही चूक उशिरा दिसते. आपल्या जांभ्यात लवकर.

मंडळाच्या वाटचालीतून रत्नागिरीने उचलायचे ते एवढेच. टिळकांना छत्री बांधायची होती आणि ती त्यांच्या हयातीत झाली नाही. उत्सव मात्र पहिल्याच वर्षी झाला, आणि त्या उत्सवात जमलेल्या माणसांनी तीस वर्षांनी छत्रीही उभी केली. क्रम उलटा असता, म्हणजे आधी छत्री झाली असती, तर तिच्यावरही एव्हाना उंबर उगवला असता. तटाला आधी माणसे लागतात, चुना नंतर.

यासाठी नवी संस्था काढायचीही गरज नाही. नवरात्रात रत्नदुर्गावर माणसे येतातच. त्या नऊ दिवसांपैकी एक दिवस तटफेरीचा ठेवता येईल. देवीचे दर्शन झाले की बुरुजामागून बुरूज चालायचे, जाणकाराने बांधणी समजावून द्यायची, शाळेच्या मुलांनी दरवर्षी त्याच जागेचे छायाचित्र घ्यायचे आणि मागच्या वर्षीच्या छायाचित्राशी ताडून पाहायचे. जे बिघडलेले दिसेल ते लिहून खात्याला कळवायचे. वर्गणी घ्यायची ती छोटी आणि सगळ्यांकडून, आणि खर्चाचा कागद दाराशी चिकटवायचा. टिळक आळीतल्या माणसाने १८९५ साली पुण्यात जे केले त्याहून वेगळे यात काही नाही : तारीख ठरवायची, पावती फाडायची, हिशेब छापायचा, आणि पुढच्या वर्षी त्याच दिवशी पुन्हा यायचे.